नाव सगळ्यात शेवटी

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अलिबागजवळच्या आक्षीच्या पुळणीवर ऑगस्टच्या अखेरीस लहान पाणपक्ष्यांच्या थव्यात एकाचा गळा विटकरी दिसला. तू उभ्या उभ्या फोनवर 'रेड-नेक्ड स्टिंट' असं नोंदवलंस, म्हणजे आपल्याकडे क्वचितच दिसणारा चिमुकला पाणपक्षी. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या परीक्षकाने तपशील मागितला, आणि आता तुझ्याजवळ लांबून काढलेला एक फोटो आणि 'मला तसाच वाटला' एवढंच उरलंय. एक जण म्हणतो नोंद ठेव, दुसरा म्हणतो काढून टाक, आणि तू विचारतेस की ऐकू कोणाचं.

दोघांचंही नको. दोघे नावावरून भांडतायत, आणि नाव हे त्या सकाळचं सगळ्यात शेवटचं काम होतं. तू ते सगळ्यात आधी केलंस. पक्षी ओळखण्यात तू चुकलीस की नाही हे आता कोणालाच सांगता येणार नाही. क्रम मात्र नक्की चुकला.

त्या पक्ष्याबद्दल बोलू. वीण आटोपली की प्रौढ पक्षी आधी निघतात आणि जुलैच्या शेवटापासून आपल्या किनाऱ्यावर उतरायला लागतात. अंगावर अजून विणीचीच पिसं असतात, फक्त झिजलेली, कडा गेलेल्या. यंदाची पिल्लं मागाहून येतात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोऱ्या करकरीत पिसांत. तोवर प्रौढांची पिसं गळून हिवाळी राखाडी रंग चढायला लागलेला असतो. म्हणजे सप्टेंबरातल्या एकाच थव्यात एकाच जातीचे तीन अवतार शेजारी शेजारी चरत असतात. नवख्या डोळ्यांना त्या तीन वेगळ्या जाती वाटतात, आणि त्यातली एक हमखास 'दुर्मीळ' निघते.

लिटल स्टिंट आपल्याकडे शेकड्यांनी येतो. ऑगस्टमधल्या प्रौढ लिटल स्टिंटच्या गालांवर आणि छातीच्या बाजूंना चांगला तांबूस रंग असतो, पण हनुवटी आणि गळा पांढरा. रेड-नेक्डचा गळा सलग विटकरी, आणि छातीच्या बाजूचे गडद ठिपके त्या विटकरी रंगाच्या खाली, पांढऱ्यावर पडतात. लिटलचे ठिपके तांबूस रंगातच मिसळलेले असतात. ठेवणही पाहायची: लिटल किंचित उंच पायांचा, बारीक चोचीचा. रेड-नेक्ड बुटका, मागच्या बाजूला लांबुडका, चोच टोकाला बोथट. पिल्लांमध्ये सगळंच बदलतं. लिटलच्या पिल्लाच्या पाठीवर ठळक पांढरा व्ही, आणि मिटलेल्या पंखावर सर्वांत वर दिसणाऱ्या मोठ्या पिसांना काळा मध्य व तांबूस कडा. रेड-नेक्डच्या पिल्लात तीच पिसं राखाडी-तपकिरी, फिक्या कडांची, आणि पाठीवरचा व्ही पुसट.

आता मला सांग, हनुवटी कोणत्या रंगाची होती?

तुझ्या तीन पानी पत्रात हनुवटी नाही. ठिपके कुठे होते ते नाही. शेजारच्या पक्ष्यांपेक्षा पाय लांब की आखूड, तेही नाही. 'रेड-नेक्ड' हा शब्द मात्र सात वेळा आलाय. मी चिडून लिहीत नाही गं, पण बघ काय होतं: नाव एकदा मनात आलं की डोळे बघायचं थांबवतात आणि पुरावे गोळा करायला लागतात. जे नावाशी जुळतं ते दिसतं, जे जुळत नाही ते दिसतच नाही. म्हणून नाव सगळ्यात शेवटी.

तुला फसवू शकल्या असत्या अशा चार गोष्टी सांगतो. पहिली चिखल. चिखलाने माखलेले पाय सगळ्यांचे काळेच दिसतात, त्यामुळे पिवळसर पायांचा टेमिंक्स स्टिंट काळ्या पायांचा होऊन बसतो, आणि चोचीच्या टोकाला चिखल चिकटला की बारीक चोच बोथट दिसते. दुसरी ऊन. कोवळ्या किंवा उतरत्या उन्हात प्रत्येक गळा विटकरी होतो. तिसरी तापलेल्या वाळूवरची थरथरती हवा. 60 पटीवर दुर्बीण लावलीस तर सरळ चोच वाकडी दिसेल. 25-30 पटीवर ये, चित्र लहान दिसेल पण खरं दिसेल. चौथी तुझा फोन. फोन कडा आपोआप धारदार करतो आणि पांढरा रंग जाळतो. फोटोतली चोचीची जाडी आणि गळ्यावरचा पुसट रंग यांवर निकाल लावायचा नाही. फोटो वहीच्या सोबतीला ठेव, वहीच्या जागी नको.

वहीत काय लिहायचं हे तू विचारलं नाहीस, पण तुला खरं हवंय ते हेच. पेन्सिल वापर, खाऱ्या दमट हवेत शाई पसरते. सुरुवातीला वेळ, भरतीची स्थिती, ऊन कुठल्या बाजूने, अंदाजे अंतर, कोणती दुर्बीण किती पटीवर. मग शेजारी कोण आहे ते, कारण आकार एकट्या पक्ष्याचा कधीच कळत नाही, शेजाऱ्याशी ताडूनच कळतो. मग चोच ते शेपूट, वरून खाली. तुझ्या सकाळचं पान अशा धर्तीचं असायला हवं होतं, तपशील माझ्या मनचे: '7.50, पाणी चढतंय, ऊन पाठीमागून, 40 पावलं. शेजारच्या लेसर सँड प्लोव्हरच्या जेमतेम निम्मा. चोच काळी, सरळ, डोक्यापेक्षा आखूड, टोक नीट दिसलं नाही. हनुवटी पांढरी वाटली, दोनदा तपासली. गालावर तांबूस. ठिपके तांबूस भागात. पाय काळे, पण चिखल. उडाला तेव्हा पाठमोरा, पंखावर पांढरी रेघ. आवाज ऐकला नाही.' यात नाव कुठेच नाही. पण हे पान 10 वर्षांनी कोणाच्याही हातात दिलं तरी तो त्या पक्ष्यापर्यंत पोहोचेल. 'टोक नीट दिसलं नाही' आणि 'आवाज ऐकला नाही' ही दोन वाक्यं मला त्यात सगळ्यात मोलाची वाटतात. जे दिसलं नाही ते लिहिणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो.

पान पुरं होईपर्यंत पक्ष्यांचं पुस्तक पिशवीतून काढायचं नाही, फोनमधलंही नाही. पुस्तक उघडलंस की पेन्सिल पुस्तकाचं वर्णन उतरवते, समोरच्या पक्ष्याचं नाही. आधी लिही, मग उघड.

माझ्या जुन्या वह्यांत अशी पानं आहेत जिथे फक्त नाव आणि आकडा आहे. 'ग्रेट नॉट, 2.' संपलं. ग्रेट नॉट हा किनारपक्षी 2015 पासून धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत 'एन्डेंजर्ड', म्हणजे नष्ट होण्याच्या धोक्यात, आहे, आपल्या किनाऱ्यावरची त्याची प्रत्येक जुनी नोंद कामाची आहे, आणि माझी ती नोंद आज मला स्वतःलाही वापरता येत नाही. चोच डोक्यापेक्षा लांब आणि टोकाशी किंचित खाली वळलेली होती का? की डोक्याएवढीच आणि सरळ, म्हणजे रेड नॉट? वहीत नाही. डोळ्यांसमोर आता जे येतं ते पुस्तकातलं चित्र आहे. ही खंत जाणारी नाही, आणि म्हणूनच मी तुझ्या मागे लागलोय.

भरतीचं सांगतो, कारण त्यावर अर्धं यश आहे. आपल्या कोळ्यांचा हिशेब पाठ कर: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, द्वादशीला 9. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतं, ते छापील तक्त्यात पाहून घे. रोज भरती साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरचे रंग खरे दिसतात. संध्याकाळी पक्ष्यांच्या फक्त सावल्या दिसतात. मग हिशेब सोपा आहे: सकाळी 9 ते 10 च्या दरम्यान भरती येईल असे दिवस हवेत, म्हणजे दोन्ही पंधरवड्यांतली द्वादशी-त्रयोदशी. पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसायचं. बसायचं म्हणतोय, चालायचं नाही. चढतं पाणी पक्ष्यांना आपणच तुझ्याकडे ढकलत आणतं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत पाणी पुरतं चढत नाही, पक्षी लांबच राहतात. ऐन उधाणाला पुळणच बुडते आणि थवे खाजणात नाहीतर मिठागरात निघून जातात. खाडीच्या चिखलात मात्र चढत्या पाण्याच्या वेळी एकटीने उतरू नकोस. काठी टोचून बघितल्याशिवाय पाऊल नाही.

आणि थव्याने एकदम माना वर केल्या की तिथेच थांब. दुसरं पाऊल टाकलंस तर उडतील. भरतीच्या वेळी विसावलेल्या थव्याला दुसरीकडे टेकायला जागा फार कमी असते, आणि प्रत्येक उड्डाण त्यांच्या अंगातल्या चरबीतून वजा होतं. दुर्मीळ पक्ष्याची बातमी तासाभरात सगळीकडे कळवण्याची घाई मला म्हणूनही नको वाटते. नाव ठरलेलं नसतं आणि पुळणीवर 20 माणसं येऊन उभी राहिलेली असतात.

सँड प्लोव्हर, म्हणजे आपले वाळूतले चिखल्या, यांच्यावर हात बसव. लेसर आणि ग्रेटर दोन्ही समोर असतात, आणि हिवाळी पिसांत रंग काही मदत करत नाही. चोचीच्या बुंध्यापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धर. लेसरची चोच साधारण तेवढी किंवा कमी, ग्रेटरची त्याहून लांब आणि टोकाकडे निमुळती. हे 50 पक्ष्यांवर कर. नाव न घेता फक्त मापं लिही, मग मागे जाऊन वेगळे कर. आधी कंटाळा येईल, मग एका सकाळी न मोजताच दिसायला लागेल.

पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे अभ्यासकांनी ओळखीसाठी लावलेली छोटी पट्टी, दिसला तरी नियम तोच. डावा की उजवा पाय, सांध्याच्या वर की खाली, वरचा रंग, खालचा रंग, अक्षरं असतील तर ती, आणि जे वाचता आलं नाही तिथे रिकामी जागा. हा फ्लॅग कोणत्या देशाचा हे तू ठरवायचं नाहीस. जुना केशरी रंग उन्हाने पिवळट पडतो आणि देशच बदलतो. जसं दिसलं तसं बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळव.

आता तुझ्या नोंदीचं. काढून टाकू नकोस आणि तशीच ठेवूही नकोस. 'स्टिंट, जात अनिश्चित' अशी कर, आणि तपशिलात जेवढं खरंच आठवतंय तेवढंच लिही. तुला हे हरल्यासारखं वाटेल. नाहीये. लिटल टर्न आणि सॉन्डर्स टर्न हे दोन सुरय विणीच्या बाहेरच्या पिसांत भल्याभल्यांना वेगळे करता येत नाहीत. तिथे 'दोघांपैकी एक' हीच अचूक नोंद असते, आणि तिथे छातीठोक नाव लिहिणाऱ्यापेक्षा ती नोंद करणाऱ्याला जास्त कळलेलं असतं.

माझ्या याद्यांमध्ये 'अनिश्चित' फार आहेत असं लोक म्हणतात. खरं आहे. हातात आलेले पक्षी मी सोडून दिले, नावं कमी झाली, आणि माझ्यामागून आलेल्यांच्या याद्या माझ्या पुढे गेल्या, हेही खरं आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही, म्हणजे फार वाटत नाही. नाव नंतर देता येतं, पण न पाहिलेली हनुवटी नंतर पाहता येत नाही. हे मी पुन्हा पुन्हा लिहितोय याची मला जाणीव आहे, आणि पुन्हाही लिहीन.

एक मात्र तुझं चुकलंच, आणि ते स्टिंटपेक्षा मोठं आहे. त्या दिवशीच्या यादीत तुझा तो एक पक्षी आहे आणि बाकी सगळ्यांपुढे आकड्याऐवजी नुसती फुली. ग्रे प्लोव्हर किती होते? कर्ल्यू सँडपायपर? हे दोन्ही 2024 मध्ये त्याच जागतिक यादीत 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित, ठरले. आपण ज्यांना 'काय, नेहमीचेच' म्हणतो तेच कमी होतायत, आणि ते कळतं फक्त सलग मोजलेल्या आकड्यांवरून. शिवाय नेहमीचे 300 लिटल स्टिंट एकेक करून पाहिलेस तरच 301 वा वेगळा आहे हे तुला कळणार आहे. मोठा थवा असेल तर 10 मोजून त्यांचा फैलाव डोळ्यांत धर आणि तेवढ्या मापाने थवा भर. दोनदा मोज, दोन्ही आकडे लिही.

येत्या त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या आसपास आहे. तू पावणेआठला जागेवर बस, पाठ सूर्याकडे. एकच पक्षी निवड, नेहमीचाच, आणि अर्धा तास त्याच्यावरून दुर्बीण हलवू नकोस. वरून खाली सगळं लिही. ते पान मला जसंच्या तसं पाठव, खाडाखोड असेल तर तीही राहू दे. वर पक्ष्याचं नाव लिहू नकोस. ते मी वाचून तुला कळवीन, आणि मला ओळखता आलं नाही तर काय राहिलं तेही कळवीन.

तुझा,
किनाऱ्यावरचा एक जुना सोबती