विश्रामबागची कॉट बेसिस आणि सुपरकंडक्टर

प्रश्न: सर, मी सांगलीत एमएस्सी फिजिक्स करतोय. लॅन्थॅनम कॉपर ऑक्साइड बँड थिअरीनं (इलेक्ट्रॉनना कुठल्या ऊर्जापट्ट्यांत म्हणजे बँडमध्ये जागा आहे ते सांगणारी) मेटल यायला पाहिजे पण असतं इन्सुलेटर, वीज वाहूच देत नाही, आणि थोडं स्ट्रॉन्शिअम घातलं की सुपरकंडक्टर, म्हणजे विजेला रोधच नाही. हे सिलिकॉनसारखंच डोपिंग (परके अणू थोडे मिसळणं) का? (तालमीतला मित्र म्हणतोय, डोपिंग म्हणजे थेट बॅन.) – एक वाचक, विश्रामबाग

उत्तर: मित्राला म्हणावं, ते डोपिंग वेगळं. पण सिलिकॉनसारखंही नाही हे. विश्रामबागेत राहतोस म्हणजे कॉट बेसिस तुला सांगायला नको. समज प्रत्येक खोलीत दोघं मावतात पण मालक खडूस, दुसरा आला की जबर दंड, मग काय, सगळ्या खोल्यांत एकेक पोरगं, आणि शेजारची खोली अर्धी रिकामी दिसत असून कुणी हलत नाही. कॉपरवरचे इलेक्ट्रॉन असेच अडकलेत: खोली म्हणजे कॉपरचा अणू, दंड म्हणजे एका अणूवरच्या दोन इलेक्ट्रॉनमधलं रिपल्शन. बँड थिअरी हा दंड धरतच नाही, म्हणून ती चुकते. हलायला लागणारी ऊर्जा, म्हणजे गॅप, साधारण 2 इलेक्ट्रॉन व्होल्टची. वर हे सगळे एकाआड एक उलट्या बाजूला डोकं करून झोपतात (डोकं म्हणजे इलेक्ट्रॉनचा स्पिन), तो अँटिफेरोमॅग्नेट.

आता स्ट्रॉन्शिअम लॅन्थॅनमपेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी देतं, म्हणजे एक पोरगं खोली सोडून गेलं, ती रिकामी जागा म्हणजे होल. शेजारचा तिथं सरकतो, त्याच्या जागी तिसरा, झाली वाहतूक सुरू, आणि सरकताना झोपायची ती शिस्तही मोडते, शंभर खोल्यांत दोन होल झाले की लगेच.

खरी मजा हिशोबात आहे बघ. सिलिकॉनमधनं एक इलेक्ट्रॉन काढला की खाली एक जागा होते, बँड आहेत तिथंच राहतात. इथं रिकाम्या खोलीत नवा माणूस दंड न भरता दोन तऱ्हेनं येऊ शकतो, डोकं इकडं करून नाहीतर तिकडं! एक काढला, जागा दोन. ही जादाची जागा येते कुठनं, तर वरच्या, दंडवाल्या बँडमधनं. म्हणजे बँडच बदलतात रे, आणि एक्स-रे टाकून बघितलं तर खरंच खालचं शिखर वाढतं नि वरचं बसतं.

दर कॉपरमागं साधारण 0.05 होलपासून सुपरकंडक्टिव्हिटी येते, 0.16 ला सगळ्यात जास्त, 38 केल्विनच्या आसपासपर्यंत टिकते, 0.27 च्या पुढं नुसता मेटल. इलेक्ट्रॉनच्या जोड्या कशानं जमतात यावर मात्र बेडनॉर्झ-म्युलर यांनी असल्या कॉपर ऑक्साइडमधली सुपरकंडक्टिव्हिटी शोधली त्या 1986 पासून आजपर्यंत भांडण चालूच आहे.

वर सोपं करायला होल खोलीत दाखवलं, पण परीक्षेत फक्त एक लक्षात ठेव, होल मुख्यतः कॉपरवर नाही, मधल्या ऑक्सिजनवर बसतं. खोलीत नाही, व्हरांड्यात.