पिंपाचा दर आणि पंपाचा दर

इंधनदराबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. सारख्या अर्थाचे एकत्र करून उत्तरे देत आहे. दर आणि कर बदलत राहतात, म्हणून आकड्याजवळ शक्य तिथे तारीख दिली आहे.

प्रश्न : कच्चे तेल उतरले अशी बातमी येते, पण आमच्या पंपावरचा आकडा काही हलत नाही. तेल चढले की मात्र लगेच बोंब. ही लबाडी नव्हे काय ओ? (किराणा व्यापारी, निपाणी)

आधी एक गोष्ट. आपण टाकीत कच्चे तेल भरत नाही, पेट्रोल भरतो, आणि पेट्रोलला जगात स्वतःचा वेगळा बाजार आहे. ऊस आणि साखर यांच्या दराचे नाते आपल्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. दोन्ही एकाच दिशेला जातात, पण एका मापाने जात नाहीत आणि एकाच दिवशीही जात नाहीत. आपल्या तेल कंपन्या हिशेब धरतात तो आखाती बंदरांतल्या तयार पेट्रोल-डिझेलच्या दराचा. त्यावर जहाजभाडे, विमा वगैरे चढते. जगात रिफायनऱ्यांची क्षमता अपुरी पडली की कच्चे तेल थोडे उतरूनही पेट्रोल चढेच राहते. २०२२ च्या उन्हाळ्यात जगभर हेच झाले होते.

तुमच्या रागाचे खरे कारण मात्र पुढे आहे. तेल उतरते तेव्हा पंपावर पोहोचण्याआधी तो फायदा उचलायला दोघे उभे असतात. पहिले सरकार. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने मागणी कोसळली. २० तारखेला अमेरिकेतल्या तेलाचा वायदा (पुढे माल घ्यायचा सौदा) चक्क उणे ३७ डॉलरपर्यंत घसरला, म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. आपल्याकडे मे महिन्यात केंद्राने पेट्रोलवर लिटरमागे १० आणि डिझेलवर १३ रुपये कर वाढवला. पेट्रोलवरचे उत्पादन शुल्क त्यामुळे जवळपास ३३ रुपयांवर गेले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले, तेव्हा ते १९.९० वर आले. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा घसरले आणि ८ तारखेपासून केंद्राने २ रुपये शुल्क वाढवले. पंपावरचा दर तसाच राहिला, म्हणून ही वाढ कुणाला जाणवली नाही. पण त्या घसरणीतून तुमच्या वाट्याला यायचे ते २ रुपये तिजोरीत जमा झाले.

दुसऱ्या उभ्या असतात कंपन्या. देशातले बहुतेक पंप इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांचे आहेत. युक्रेन युद्धानंतर तेल भडकले असताना त्यांनी दर रोखून धरले आणि एप्रिल ते जून २०२२ या तीन महिन्यांत तिघींना मिळून १८ हजार कोटींवर तोटा झाला. तेल उतरल्यावर आधी तो खड्डा बुजवायचा, असे त्यांचे म्हणणे. इथवर ठीक. पण २०२३-२४ या वर्षात याच तिघींनी मिळून ८० हजार कोटींच्या घरात नफा कमावला आणि वर्ष संपता संपता ग्राहकाला दिले ते लिटरमागे २ रुपये. तुमचा ‘लबाडी’ हा शब्द मी वापरणार नाही, पण हात आखडता होता हे नक्की.

प्रश्न : एका पिंपात किती लिटर तेल असते? पिंप ७० डॉलर असेल तर लिटरला किती पडले? आणि भारत ब्रेंट घेतो की दुबईचे तेल? (बी.कॉम.ची विद्यार्थिनी, टिळकवाडी)

पिंप १५९ लिटरचे. हिशेबापुरता डॉलर ८५ रुपयांचा धरा. ७० गुणिले ८५ म्हणजे ५,९५० रुपये. त्याला १५९ ने भागले की लिटरला साधारण साडेसदतीस रुपये येतात.

हे भागाकाराचे उत्तर पाहून अनेक जण ‘बघा, ३७ रुपयांचे तेल १०२ ला विकतात’ असे म्हणतात. त्यात गल्लत आहे. पिंपभर कच्च्या तेलातून पिंपभर पेट्रोल निघत नाही. गॅस, नाफ्ता, पेट्रोल, रॉकेल, डिझेल, शेवटी डांबर असे सगळे एकाच भट्टीतून वेगवेगळ्या तापमानाला बाहेर पडते आणि आपल्याकडच्या रिफायनऱ्यांत सर्वांत मोठा वाटा डिझेलचा असतो. शुद्धीकरण, वाहतूक आणि कंपनीचा नफा धरून कराआधीचा दर पन्नाशीच्या पुढे जातो. त्यावर केंद्राचे शुल्क, डीलरचे कमिशन आणि सगळ्यात शेवटी राज्याचा विक्रीकर.

या हिशेबातून दोन आकडे मात्र वहीत लिहून ठेव. पिंप १ डॉलरने महागले की लिटरमागे खर्च सुमारे ५३ पैशांनी वाढतो. आणि तेल ७० डॉलरवर स्थिर असून रुपया १ रुपयाने घसरला, तरी ४४ पैसे वाढतात. आपण ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, त्यामुळे रुपयाची घसरण थेट टाकीत उतरते. टीव्हीवर फक्त पिंपाचा दर दाखवतात आणि हे दुसरे कारण झाकले जाते.

ब्रेंट (उत्तर समुद्रातले कमी गंधकाचे तेल) की दुबई? दराच्या हिशेबात दोन्ही. आपल्या खरेदीचा सरासरी दर काढायला जे मिश्रण धरतात, ‘इंडियन बास्केट’ म्हणतात, त्यात ओमान-दुबईच्या जास्त गंधक असलेल्या तेलाचा वाटा सुमारे तीन चतुर्थांश असतो आणि उरलेला ब्रेंटचा. म्हणून बातमीतला ब्रेंटचा आकडा आणि आपला खरेदीचा आकडा तंतोतंत जुळत नाही.

प्रश्न : आखातात बॉम्ब पडला की दुसऱ्याच दिवशी तेल भडकते. विहिरीतले तेल तर कालचेच असते ना? (निवृत्त शिक्षक, हुक्केरी)

विहिरीतले कालचेच, पण सौदा पुढच्या महिन्याचा असतो. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जगातल्या रोजच्या वापराच्या जवळपास पाचवा हिस्सा तेल जाते. ती वाट अडली तर काय, या भीतीची किंमत व्यापारी आजच लावतात. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला त्या दिवशी ब्रेंट एका दमात ७ टक्के चढले आणि दहा-अकरा दिवसांत शस्त्रसंधी होताच खाली आले. आपल्या पंपावर त्या काळात काहीच झाले नाही. म्हणजे कंपन्या दर थोपवू शकतात. फक्त त्या चढता दरच थोपवतात असे नाही, उतरताही थोपवतात.

प्रश्न : कोल्हापूर-पुण्याला जाणाऱ्या गाड्या आमच्याकडे कोगनोळीच्या अलीकडेच टाकी फुल्ल करत. आता ड्रायव्हर म्हणतात, काही फरक राहिला नाही. खरे काय? (ट्रकमालक, चिक्कोडी तालुका)

तुमचे ड्रायव्हर बरोबर सांगतात. जून २०२४ पर्यंत कर्नाटकात डिझेलवर विक्रीकर १४.३४ टक्के होता आणि महाराष्ट्रात २१. हद्दीपलीकडे लिटरमागे चार-पाच रुपये जादा मोजावे लागत, म्हणून कागलची हद्द लागण्याआधीच्या पंपांवर ट्रकांची रांग लागायची. १५ जून २०२४ ला कर्नाटकाने डिझेलचा कर १८.४४ टक्के केला, पेट्रोलचा २५.९२ वरून २९.८४. मग १ एप्रिल २०२५ पासून डिझेल २१.१७ टक्क्यांवर नेले. आता दोन्हीकडचा कर समसमान झाला, मग रांग कशाला लागेल? यात पंपवाल्यांचा धंदा गेलाच, पण राज्याचाही थोडा तोटा झाला. परराज्यातली लांब पल्ल्याची गाडी इथे टाकी भरायची तेव्हा त्या डिझेलवरचा कर कर्नाटकाला मिळायचा. टक्का वाढवून तिजोरीत किती भर पडली हे जाहीर होते. न थांबलेल्या गाड्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

पेट्रोलमध्ये अजून थोडा फरक उरला आहे. महाराष्ट्राचा टक्का २५, म्हणजे आपल्यापेक्षा कमी, पण त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा वेगळा अधिभार आहे. एकूण बेरीज केली की तिकडे रुपया-सव्वा रुपया जास्तच पडतो. शिनोळीहून बेळगावात बाजाराला येणारे चंदगडकर इथे टाकी भरतात ते त्यामुळेच.

आणखी एक बारकावा सांगतो. केंद्राचे शुल्क लिटरमागे ठरावीक रुपये असते, राज्याचा कर टक्क्यांत असतो आणि तो केंद्राचे शुल्क धरून झालेल्या रकमेवर लागतो. करावर कर. तेल महागले की राज्याचे उत्पन्न काहीही न करता आपोआप वाढते. पेट्रोल महागाईविरुद्ध मोर्चे निघतात तेव्हा हे वाक्य कुठल्याच पक्षाच्या फलकावर दिसत नाही.

प्रश्न : पेट्रोलमध्ये आमच्या उसाचे इथेनॉल २० टक्के घालतात. मग पेट्रोल स्वस्त का होत नाही? (ऊस उत्पादक, संकेश्वर)

कारण इथेनॉल स्वस्त नाही. त्याचा खरेदीदर सरकार ठरवते. २०२४-२५ च्या हंगामात सी-हेवी मळीच्या (साखर जवळपास सगळी काढून उरलेल्या) इथेनॉलला लिटरला ५७.९७, बी-हेवीला (थोडी साखर मळीतच ठेवलेल्या) ६०.७३ आणि थेट उसाच्या रसापासून केलेल्याला ६५.६१ रुपये दर होता. कराआधीचे पेट्रोल पन्नाशीत असताना त्यात साठीचे इथेनॉल मिसळले तर दर उतरणार कसा? शिवाय लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे २० टक्के मिश्रणाच्या लिटरात शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के दम कमी. ‘अ‍ॅव्हरेज पडले’ अशी तक्रार गॅरेजमध्ये ऐकू येते, तिला हा आधार आहे.

फायदा नाही असे नव्हे. परकीय चलन वाचते आणि साखर पडून राहिली तरी कारखान्याकडे तेल कंपनीचे पैसे वेळेवर येतात. तो फायदा ऊसबिलाच्या रूपाने तुमच्यापर्यंत यायला हवा. आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांबाबत तो कितपत येतो, हे बिलाची वाट पाहणारे तुम्हीच मला सांगा. मोटारसायकलवाल्याने मात्र इथेनॉलकडून स्वस्ताईची आशा धरू नये.

प्रश्न : निवडणूक आली की दर गोठतात. योगायोग? (खानापूर)

पेट्रोलचा दर २०१० मध्ये आणि डिझेलचा ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाला. १६ जून २०१७ पासून तो रोज सकाळी सहाला बदलायचा ठरला. हे कागदावर. कर्नाटक विधानसभेच्या २०१८ च्या निवडणुकीआधी दर १९ दिवस जागचे हलले नाहीत. १२ मे ला मतदान झाले आणि १४ तारखेपासून वाढू लागले. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या वेळी ४ नोव्हेंबर २०२१ पासून १३७ दिवस दर गोठले आणि २२ मार्च २०२२ पासून पंधरवड्यात १० रुपये वाढले. वर सांगितलेली २ रुपयांची कपात १५ मार्च २०२४ ला लागू झाली आणि १६ ला लोकसभा निवडणूक जाहीर झाली. योगायोग एवढे वक्तशीर नसतात.

प्रश्न : पंपमालकाला लिटरमागे किती सुटतात? (शहापूर)

पेट्रोलवर चार रुपयांच्या आसपास, डिझेलवर त्याहून कमी. त्यातूनच कामगार, वीज, बाष्पीभवनाची घट आणि कार्डावरचा खर्च. दर वाढला म्हणून त्याचे कमिशन फारसे वाढत नाही, उलट तेवढाच माल भरायला भांडवल जास्त लागते. तेव्हा दरावरून पंपावरच्या पोऱ्याशी भांडू नका. मापावरून शंका असेल तर पाच लिटरचे प्रमाणित माप मागा. ते पंपावर ठेवणे बंधनकारक आहे.

प्रश्न : जीएसटीत आणले तर? (अनेक वाचक)

कराआधीचा दर आणि कमिशन मिळून ५७ रुपये धरा. त्यावर अगदी ४० टक्क्यांचा सर्वांत चढा जीएसटी लावला तरी पेट्रोल ८० रुपयांना मिळेल. म्हणजे लिटरमागे वीस-बावीस रुपये केंद्र आणि राज्य यांना मिळून सोडावे लागतील. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनऊच्या बैठकीत जीएसटी परिषदेने हा विषय घेतला आणि ‘ही ती वेळ नव्हे’ म्हणून बाजूला ठेवला. राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावे असे कर फार उरलेले नाहीत. दारू आणि इंधन ही त्यांतली मोठी खाती. ती कुणी खुशीने सोडील असे मला दिसत नाही.

प्रश्न : गोव्यात पेट्रोल बरेच स्वस्त आहे म्हणतात. चोर्ल्याने जाऊन भरून आणणे परवडेल का? (बेळगाव ग्रामीण)

गोवा स्वस्त आहे खरा. २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळपास शून्यावर आणला होता. तेवढी सूट पुढे राहिली नाही, तरी आपल्यापेक्षा लिटरमागे पाच-सहा रुपये तिकडे कमी पडतात. आता हिशेब करा. घाट उतरून साखळीपर्यंत जाऊन परत यायला दीडशे किलोमीटर. मोटारसायकल ५० चे अ‍ॅव्हरेज देत असेल तर तीन लिटर, म्हणजे तीनशे रुपये रस्त्यावरच जळाले. दहा लिटरच्या टाकीत वाचणार साठ. मोटारीचा हिशेब याहून वाईट येतो. कॅन घेऊन जाण्याचा विचार तर सोडूनच द्या, प्लास्टिकच्या कॅनमधून घाटातून पेट्रोल आणणे बेकायदा आणि जिवावरचे आहे. पणजी-म्हापशाला कामाने गेलात तर परतताना टाकी भरून घ्या.