यजमानाच्या घरी उतरताना
पहिल्यांदाच एकट्याने प्रवासाला निघून अनोळखी यजमानाकडे उतरणार असाल, तर पासपोर्ट, बँकेची कार्डे आणि निम्मी रोकड कमरपट्ट्यात ठेवा व अंघोळीला जातानाही तो सोबत न्या. माझ्या पाकिटातून फक्त मोठ्या नोटा गेल्या त्या अशाच दहा मिनिटांत, आणि पिशवीची चेन होती तशी लावलेली होती. फोनवर *#०६# दाबून मिळणारा १५ अंकी आयएमईआय क्रमांक, म्हणजे तुमच्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आधीच कागदावर उतरवून ठेवा. चोरी झालीच, तर यजमानावर तोंडावर आरोप करू नका, कारण त्या घरात तुम्ही एकटे असता. आधी सामानासह बाहेर पडा, कार्डे बंद करा आणि पोलिसांकडून तक्रारीची लेखी प्रत घ्या, जी विम्याच्या दाव्यासाठी बहुधा मागितली जाते.