घरच्या ग्रॅनोल्यात ताजी फळं कधी घालायची? माझा सगळा ट्रे सादळला

तुम्ही लिहिलंय की ओट्स भाजायला ठेवतानाच त्यात स्ट्रॉबेरी आणि सफरचंदाच्या फोडी मिसळल्या, ओव्हनमधून काढलं तेव्हा छान वाटत होतं, पण दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर सगळं मऊ. बेदाणे, जर्दाळू असलं काही नकोय, फळं ताजीच हवीत, आणि सकाळी कामावर जाताना बरोबरही नेता आलं पाहिजे.

हे सगळं जमतं. भाजताना फळांचे ओले तुकडे तेवढे घालू नका. ताजं फळ एकतर खाताना वरून घ्या, नाहीतर त्यातलं पाणी आधी काढून मग ते ग्रॅनोल्यात जाऊ द्या.

कारण साधं आहे. नीट भाजलेल्या ग्रॅनोल्यात पाणी जेमतेम तीनेक टक्के उरतं. स्ट्रॉबेरीत ते ९१ टक्क्यांच्या आसपास असतं, सफरचंदात ८६, केळ्यात ७५. दोन्ही एका डब्यात बंद केलं की ओल्याकडून कोरड्याकडे पाणी सरकत राहतं, थेट स्पर्श नसला तरी डब्यातल्या हवेतून. ओट्समधलं पाणी साताआठ टक्क्यांवर गेलं की कुरकुरीतपणा संपतो. म्हणजे शंभर ग्रॅम ग्रॅनोला सादळायला चहाचा एक चमचा पाणी पुरे, आणि एका मध्यम स्ट्रॉबेरीत तसं दोन चमचे पाणी असतं! तुम्ही तर वाटीभर फोडी घातल्या होत्या.

मग जास्त वेळ भाजलं तर? तेही उपयोगाचं नाही. फळाची फोड आतपर्यंत सुकायला मंद आचेवर दोनतीन तास लागतात, आणि ओट्स-बदाम १५० अंशांवर अर्ध्यापाऊण तासात तयार होतात. फोडी सुकायची वाट बघाल तर बदाम करपून कडू होतील. ओट्स झाल्यावर बाहेर काढाल तर फोड वरून कोरडी दिसेल आणि आत ओलीच असेल. तुम्हाला ओव्हनमधून काढल्यावर बरं वाटलं ते यामुळेच. आतलं पाणी रात्रभरात बाहेर आलं. अशा मिश्रणाला बुरशीही लवकर येते, म्हणून तो डबा बाहेरच राहिला असेल तर आता खाऊ नका.

आधी कोरडा ग्रॅनोला, कारण तो पक्का जमला तर फळांचं निम्मं काम झालं. माझं प्रमाण असं: ३०० ग्रॅम रोल्ड ओट्स (झटपट शिजणारे बारीक ओट्स नकोत, त्यांचा भुगा होतो), १२० ग्रॅम बदाम-अक्रोड जाडसर चिरून, ६० ग्रॅम भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया, ८० मिली तेल, ८० मिली मध, अर्धा चमचा मीठ, एक चमचा दालचिनी पूड. मीठ वगळू नका. ते नसलं की ग्रॅनोला नुसता गोडमिट्ट लागतो आणि भाजलेल्या ओट्सची चव मागेच राहते. तेलही फार कमी करू नका. तेलाचा पातळ थर बसला की ओट्स सगळीकडून सारखे खरपूस होतात, कोरडे राहिले तर पेंढ्यासारखे लागतात.

तेल, मध आणि मीठ आधी एकत्र फेटून घ्या, मग कोरड्या जिनसांवर ओता आणि हाताने चोळा. एकही ओट पांढरा, कोरडा दिसता कामा नये. ट्रेवर बटर पेपर घालून बोटभरापेक्षा कमी जाडीचा थर पसरा आणि १५० अंश सेल्सिअसला ३० ते ४० मिनिटं भाजा. पंख्याचा ओव्हन असेल तर १३५ पुरे. पंधरा मिनिटांनी एकदा हलवा, कडेचं मध्ये आणि मधलं कडेला. मोठे खडे (ओट्सचे एकमेकांना चिकटलेले तुकडे) हवे असतील तर हलवून झाल्यावर कालथ्याने दाबून सपाट करा आणि त्यानंतर हात लावू नका. एका अंड्याचा पांढरा भाग फेसून मिसळला तर खडे आणखी घट्ट धरतात.

ओव्हनमधून काढताना ग्रॅनोला मऊच लागतो. इथे बरेच जण घाबरून आणखी दहा मिनिटं ठेवतात आणि तो करपतो. चमचाभर काढून बशीत दोन मिनिटं गार करा आणि मग चावून बघा. कुरकुरीत वाजला की झालं. रंग फिक्या मधासारखा आला, खमंग वास सुटला की बंद करा, कारण गरम ट्रेवर तो पुढेही थोडा भाजत राहतो. मग तासभर ट्रेमध्येच गार होऊ द्या. कोमट असताना डब्यात भरला तर आत वाफ धरते आणि फळ न घालताही सादळतो. हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे छान टिकतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत ओट्स आणि बदाम मंद आचेवर आठदहा मिनिटं कोरडेच परता, मग तेल-मध घालून आणखी तीनचार मिनिटं, सतत हलवत. मध बुडाला पटकन लागतो, त्यामुळे शेवटची मिनिटं तिथून हलू नका. खडे कमी होतात, चव उत्तम येते.

आता फळं. खाताना वरून ताजं फळ घेणं ही मला सगळ्यात आवडणारी पद्धत आहे, आणि रोजच्यासाठी हीच करावी असं माझं मत आहे. गार, रसाळ फळ आणि कोरडा, खरपूस ओट एका घासात येतात, तेव्हा दोन्हींची खरी चव कळते. यात फळ कसं कापता यावर बरंच अवलंबून असतं. ज्यांची साल शाबूत राहते ती फळं पाणी सोडत नाहीत: द्राक्षं, ब्लूबेरी, डाळिंबाचे दाणे. ही घातलीत तर वाटी दहापंधरा मिनिटं तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. स्ट्रॉबेरी, आंबा, संत्रं, पीच ऐनवेळी कापा. कापलेल्या फळावर साखर किंवा मध आधीपासून घालून ठेवू नका, साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते आणि पाच मिनिटांत तळाशी रस साचतो. गोड हवं असेल तर ते ग्रॅनोल्यात असू द्या. बेरी धुतल्यावर कापडावर पसरून पूर्ण कोरड्या करा. खायच्या आधीच धुवायच्या, धुऊन ठेवल्या तर लवकर खराब होतात.

वाटीत थर लावायचा क्रम दही, मग फळ, मग सगळ्यात वर ग्रॅनोला. उलटा लावला तर खालचे ओट्स भिजतात. किवी, अननस आणि पपई ही तीन फळं न शिजवता दह्या-दुधात कालवून ठेवू नका. त्यांच्यात प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, ती दुधातल्या प्रथिनांवर काम करतात आणि थोड्या वेळाने चव कडवट होते. लगेच खाणार असाल तर हरकत नाही. नाहीतर अननसाच्या फोडी पॅनमध्ये काही मिनिटं चांगल्या गरम करून घ्या, उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं.

फळाची चव ग्रॅनोल्याच्या आतच हवी असेल तर फोडी नकोत, गर घाला. पूर्ण पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं एक मोठं केळं अगदी गुळगुळीत कुस्करा (साधारण १०० ग्रॅम गर), मध निम्मा करा, तेल ६० मिलीवर आणा आणि तिन्ही एकत्र फेटून ओट्सना चोळा. गरात पाणी असतं, म्हणून आच १४० अंश आणि वेळ ४५ ते ५० मिनिटं, दर पंधरा मिनिटांनी हलवत. गर ओट्सवर पातळ पसरलेला असल्यामुळे त्यातलं पाणी निघून जातं, जे जाड फोडीतून निघत नाही. केळ्याची साखर भाजली गेली की हलकी टॉफीसारखी चव येते. या पद्धतीत सगळ्यात यशस्वी फळ केळंच, हे ठामपणे सांगते. सफरचंद घ्यायचं तर दोन किसा आणि पाणी न घालता पॅनमध्ये इतकं आटवा की चमचा फिरवल्यावर तळ दिसून रेघ तशीच राहते. मग ते केळ्याच्या गरासारखंच वापरा, दालचिनी दुप्पट घाला. स्ट्रॉबेरीचा गरही असाच आटवून चालतो, पण भाजल्यावर तिचा ताजा वास बराचसा उडून जातो. म्हणून स्ट्रॉबेरी मी कच्चीच वरून घेते.

आणि डब्यातच फळांचे तुकडे दिसले पाहिजेत असं असेल तर ताजं फळ स्वतः सुकवा. विकतच्या सुक्या फळांशी याची तुलना नको, एकदा करून बघा. सफरचंद किंवा नाशपातीचे ३ मिलिमीटर जाडीचे काप करा. सगळे एकसारखे पातळ हवेत, नाहीतर निम्मे करपतात आणि निम्मे ओले राहतात. वाटीभर पाण्यात मोठा चमचाभर लिंबाचा रस घालून काप पाच मिनिटं बुडवा. कापल्यावर सफरचंद काळं पडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि त्याच्याच एका एन्झाइममुळे, लिंबाच्या आंबटपणाने ती क्रिया मंदावते. काप कापडाने टिपून जाळीवर सुटे मांडा, ९५ अंशांवर दोन ते तीन तास ठेवा, मध्ये एकदा उलटा. ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवा म्हणजे वाफ बाहेर जाईल. एक काप काढून गार करा आणि मोडा. कडकन तुटला तर झाला, वाकला तर अजून अर्धा तास.

सुकलेले काप लगेच ग्रॅनोल्यात मिसळू नका. रात्रभर एका काचेच्या बरणीत बंद ठेवा. सकाळी काचेवर धूसर ओल दिसली तर काप पुन्हा ओव्हनमध्ये. काच कोरडी असेल तरच ते गार ग्रॅनोल्यात घाला, भाजताना नाही. रसाळ स्ट्रॉबेरी अशी कडक होत नाही, चिवटच राहते. म्हणून ती सुकवलीत तर वेगळ्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेवा आणि चारपाच दिवसांत संपवा.

मऊ ओट्स आणि फळ रात्रभर एकत्र मुरलेलं तुम्हाला चवीला आवडत असेल, तर तोही एक स्वतंत्र, चांगला पदार्थ आहे: म्यूस्ली. १९०० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॉ. मॅक्सिमिलियन बिर्चर-बेनर यांनी रुग्णांसाठी ती केली, तेव्हा तिचा मुख्य भाग किसलेलं ताजं सफरचंद होता, भिजवलेले ओट्स जेमतेम चमचाभर. तिथे ओट्स न भाजता भिजवायचे आणि सफरचंद खाताना सालीसकट किसून घालायचं. फळ मिसळून ठेवायचं असेल तर म्यूस्लीच करा, भाजण्याची मेहनत वाया जाणार नाही.

लहान मुलांना देणार असाल तर दोन गोष्टी. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, भाजलेला असला तरी. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बदाम-अक्रोड बारीक कुटून घाला आणि द्राक्षं उभी चिरून द्या, अख्खी घशात अडकू शकतात. ग्लुटेन चालत नसलेल्या माणसासाठी करत असाल तर पाकिटावर तसा स्पष्ट उल्लेख असलेलेच ओट्स घ्या, साध्या ओट्समध्ये गव्हाचा अंश मिसळलेला असू शकतो.

फळ न घातलेला ग्रॅनोला नुसत्या दमट हवेने सादळला असेल तर तो टाकायची गरज नाही. ट्रेवर पसरून १५० अंशांवर पाचसात मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा कुरकुरीत होतो.

कामावर नेण्यासाठी दोन डबे लागतीलच, एकात भागत नाही. घट्ट झाकणाच्या उंच डब्यात तळाशी चक्क्यासारखं घट्ट दही भरा, पातळ दही हिंदकळतं. त्यावर फळं, आदल्या रात्री भरणार असाल तर द्राक्षं, ब्लूबेरी, डाळिंब यांसारखी शाबूत सालीची. सफरचंद हवं असेल तर अख्खं न्या आणि तिथे कापा. केळंही सालीतच न्या. ग्रॅनोला छोट्या कोरड्या डबीत वेगळा ठेवा, ४० ते ५० ग्रॅम एका माणसाला पुरतो, आणि ती डबी दह्याच्या गार डब्याला चिकटवून ठेवू नका. गार डब्यावर बाहेरून पाणी धरतं आणि झाकण जरा सैल असलं तर तेच आत झिरपतं. ग्रॅनोला खायला बसल्यावरच वर ओता.