हजार लीचा घोडा

प्रश्न : उत्तर कोरियाच्या बातमीत प्योंगयांगमधला पंख असलेल्या घोड्याचा प्रचंड पुतळा दिसला. ग्रीकांचा पेगॅसस तिथे कसा पोहोचला? आणि हा घोडा दिवसाला हजार ली (ली म्हणजे अंतराचं जुनं माप) धावायचा म्हणतात, ते शक्य आहे का?

उत्तर : पेगॅससशी त्याचं नातं नाही. तो छोल्लिमा, म्हणजे ‘हजार लीचा घोडा’, मूळचा चिनी कथांमधला. कोरियन दंतकथा सांगते, की त्याच्या वेगामुळे त्याच्यावर कुणालाच मांड ठोकता आली नाही. 1961च्या पुतळ्यावर मात्र एक कामगार आणि भाताची पेंढी घेतलेली शेतकरी स्त्री, असे दोघं खुशाल बसलेत! 1956नंतर देश झपाट्याने उभा करण्यासाठी जी मोहीम निघाली, तिला याच घोड्याचं नाव दिलं होतं. मग स्वार लागणारच.

मला विचाराल तर चीनमधला जुना हजार लीचा घोडा जास्त जवळचा वाटतो. त्याला पंख नाहीत, आणि गोष्टींत तो पळताना फारसा दिसतही नाही. थांग राजवटीच्या काळातल्या हान यू या लेखकाने (768–824) त्याच्यावर छोटासा निबंध लिहिलाय. हा घोडा एका वेळी ढीगभर धान्य खातो. मोतद्दाराला ते ठाऊक नसतं, तो इतरांइतकीच चंदी टाकतो. अर्धपोटी घोडा साध्या घोड्याइतकाही पळत नाही, आणि मालक चाबूक हातात धरून त्याच्यासमोरच म्हणतो, ‘जगात चांगला घोडाच उरला नाही!’ हान यूचं म्हणणं असं, की असे घोडे नेहमीच असतात. दुर्मीळ असतो तो बो ले, म्हणजे घोड्यांचा पारखी.

याहून मिश्कील गोष्ट प्राचीन चीनमधल्या यान राज्याच्या चाओ राजाला ग्वो वेई या त्याच्या सल्लागाराने सांगितली. एका राजाच्या सेवकाने अशाच घोड्यासाठी 500 मापं सोनं मोजलं, आणि आणलं काय, तर मेलेल्या घोड्याचं डोकं! राजा भडकला. सेवक म्हणाला, ‘मेलेल्याला एवढा भाव, तर जिवंत घोडे आपण होऊन येतील.’ वर्षाच्या आत तीन आले. चाओ राजाला खरं तर गुणी माणसं हवी होती. ‘मग सुरुवात माझ्यापासून करा,’ ग्वो वेई म्हणाला. राजाने त्याला वाडा बांधून दिला, आणि पुढे युए यीसारखा सेनापती यानमध्ये आला.

राहिले हजार ली. कोरियन मापाने ते सुमारे 400 किलोमीटर. आजच्या सर्वांत खडतर एकदिवशीय अश्वशर्यती 160 किलोमीटरच्या असतात, आणि त्यातही वाटेत पशुवैद्य घोडे तपासून थकलेल्यांना बाहेर काढतात. तेव्हा नाही, शक्य नाही.