मान कलती केली की मीटर काळा

प्रश्न : नवा पोलराइज्ड गॉगल घातला आणि मान जरा कलती केली, की स्कूटरचा डिजिटल मीटर काळा पडतो. मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, “हे ध्रुवण. यावरूनच प्रकाश तरंग आहे हे सिद्ध होतं.” बरोबर का सर? – एक वाचक, सिन्नर

उत्तर : मीटर बिघडलेला नाही. मीटरच्या एलसीडी पडद्यावर ध्रुवणाची पातळ फिल्म चिकटवलेली असते. तिच्यातून बाहेर पडणारा प्रकाश एकाच दिशेत कंप पावतो; यालाच ध्रुवण म्हणतात. गॉगलची दिशा तिच्याशी काटकोनात आली, की तो अडतो.

मुलीचं म्हणणं मात्र अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं मला फार मोलाचं वाटतं. आवाजसुद्धा तरंगच, पण हवेत त्याचं ध्रुवण होत नाही. तिथे हवेचे कण आवाज जातो त्याच रेषेत पुढे-मागे हलतात, त्यामुळे कुठलीही जाळी कशीही फिरवली तरी फरक पडणार नाही. प्रकाश तरंग आहे हे व्यतिकरणाने दाखवलं, म्हणजे दोन तरंग एकमेकांत मिसळून उजळ-काळे पट्टे उमटतात त्याने. तो अवतरंग आहे, म्हणजे आडवा कंप पावतो, हे ध्रुवणाने.

१८०८ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकणारा मावळता सूर्य मालूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला; या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. स्फटिक फिरवला की दोन प्रतिमांची उजळी बदलत होती. हे पाहणारा मालूस स्वतः कणवादी, म्हणजे प्रकाश कणांचा बनलेला आहे असं मानणारा! ‘पोलरायझेशन’ हा शब्द त्याचाच, प्रकाशकणांना ध्रुव असतात या समजुतीतून आलेला. प्रकाशाला तरंग मानणारे इंग्लंडचे यंग आणि फ्रान्सचे फ्रेनेल हे शास्त्रज्ञ त्याला आवाजासारखाच समजत होते, म्हणून तेही अडले. मग फ्रेनेल आणि त्याचा सहकारी आरागो यांना दिसलं, की काटकोनात ध्रुवित झालेल्या दोन किरणांचं व्यतिकरणच होत नाही. १८२१ मध्ये फ्रेनेलने ठामपणे लिहिलं : कंप पूर्णपणे आडवेच. आरागोला एवढी उडी पचली नाही.

वर्गात मी विहिरीच्या खणकामात निघालेला कॅल्साइटचा स्वच्छ तुकडा वर्तमानपत्रावर ठेवायचो. एका ‘क’चे दोन ‘क’ दिसतात. वर तुमच्या गॉगलची काच धरून हळूहळू फिरवा. एक ‘क’ फिका होत होत पुसला जातो; आणखी नव्वद अंश फिरवलं की तो परततो आणि दुसरा जातो. मुलीच्या हातात काच द्या, फिरवू दे तिलाच.