वडिलांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

डावा स्पीकर मधूनच बंद होतो, आवाज वाढवला की परत येतो, शिवाय सतत घूंऽऽ ऐकू येतं आणि मेकॅनिक म्हणतो "बोर्ड गेला, नवीन घ्या", असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते दुरुस्तच करा.

आवाज वाढवल्यावर परत येतो, ही खूण फार बोलकी आहे. बोर्ड खरंच गेला असता तर असं झालं नसतं. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी आतून 'टक्' असा आवाज येत असेल, तो रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आपोआप चालणारा स्विच. त्याच्या कॉन्टॅक्टवर (एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांवर) काळा थर चढला की हळू आवाजाचा सिग्नल अडतो, मोठा निघून जातो. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो आणि रिले अगदी स्वस्त मिळतो.

तरी खात्री करा. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरींची अदलाबदल करा. आता उजवा बंद पडू लागला तर दोष स्पीकरच्या आधी आहे. डावाच बंद पडत राहिला तर स्पीकर किंवा त्याची वायर बघा.

घूं आवाजाचं कारण बहुधा पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून प्रवाह सपाट करणारे डबे. वर्षानुवर्षं तापून ते आतून वाळतात, मग ५० हर्ट्‌झच्या विजेतून डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) करताना उरलेली १०० हर्ट्‌झची लाट त्यांना गिळता येत नाही. काहींचं डोकं फुगलेलं दिसतं. नवे बसवताना मायक्रोफॅरड (साठवण्याची क्षमता) तेच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त, आणि १०५ डिग्री उष्णता सोसणारेच मागा. स्वतः मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यांच्यात चार्ज राहतो.

माझं मत एकाच गोष्टीने बदलेल. आउटपुटला, म्हणजे स्पीकरला ताकद देणाऱ्या भागात, एसटीके आयसी (तो सगळा भाग एकाच तुकड्यात असलेली चिप) असेल आणि तोच जळला असेल, तर अस्सल मिळणं कठीण. बाजारात नकलींचा सुळसुळाट आहे. सुटे ट्रान्झिस्टर असतील तर काळजी नको, २एन३०५५सारखे नग मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबा मंदिराच्या आसपास आजही मिळतात.

मेकॅनिकला नेमका कोणता पार्ट गेला ते विचारा. सांगता आलं नाही तर दुसरा गाठा. आणि मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर इथे लिहा, आत काय आहे ते शोधून सांगतो.